लाइव्ह बघाल तर पैसे पडतील

इंग्लंडात नवीन आलेल्या मराठी माणसाला घरभाडं, कौन्सिल टॅक्स सगळं पटतं, पण टीव्ही बघायला लायसन्स लागतं म्हटलं की तो आधी हसतो. आता आपल्याकडेही ऐंशीच्या दशकापर्यंत रेडिओचं लायसन्स असायचंच की, पोस्टात जाऊन पैसे भरावे लागायचे, घरातल्या कुठल्याही आजोबांना विचारा. आपण ते विसरून गेलो, इथे 1946 पासून टीव्हीचं चालूच आहे. तेव्हा वर्षाला 2 पौंड होते, एप्रिल 2025 मध्ये 174.50 झाले.

पण खरी गंमत पुढेच आहे, हे लायसन्स टीव्हीच्या डब्याला नसतंच. भिंतभर टीव्ही लावा, त्यावर नेटफ्लिक्स बघा, यूट्यूबवर जुनी नाटकं बघा, आयटीव्ही चॅनलच्या आयटीव्हीएक्स ॲपवर होऊन गेलेले एपिसोड रात्रभर बघत बसा, लायसन्स लागत नाही. तोच कार्यक्रम चॅनलवर चालू असताना बघितला, भले मोबाईलच्या एवढ्याशा स्क्रीनवर का असेना, की लागलं! म्हणजे ताज्याला पैसे, शिळ्याला माफी. फक्त बीबीसीच्या आयप्लेयर ॲपवर 1 सप्टेंबर 2016 पासून शिळ्यालाही माफी नाही, आणि ते ठीकच आहे म्हणा, हे पैसे मुख्यतः बीबीसीलाच जातात.

आणि चॅनल म्हणजे कुठल्याही देशातलं बरं का, आपलं मराठीसुद्धा. उन्हाळ्यात भारत साडेचार तास पुढे, म्हणजे रात्री आठची सिरीयल इथे दुपारी साडेतीनला, तेव्हा आपण ऑफिसात मान मोडून काम करत असतो, मग संध्याकाळी जेवताना ॲपवर बघायची. कायद्यात आपोआप बसतं. फक्त तोवर आईचा फोन येऊन गेलेला असतो आणि सासूने दागिने कुठे लपवलेत ते आपल्याला आधीच कळलेलं असतं.

सगळ्यात भारी नियम विद्यार्थ्यांसाठी आहे. आईवडिलांच्या घरी लायसन्स असेल तर होस्टेलवर लॅपटॉप नुसत्या बॅटरीवर चालवून लाइव्ह बघता येतं, चार्जर भिंतीत खोचला की वेगळं लायसन्स! हा नियम ज्याने कुणी लिहिला त्याला माझा नमस्कार. आपल्या पोरांना अर्थात याचा काडीचा उपयोग नाही, आईवडील पुण्यात, त्यांच्याकडे कुठून येणार इथलं लायसन्स.

ज्या पत्त्यावर लायसन्स नाही तिथे पत्रं येतात, वर नाव नाही, नुसतं 'लीगल ऑक्युपायर', म्हणजे इथे राहणारा जो कोणी असेल तो, आत 1,000 पौंडांपर्यंत दंडाची आठवण. नवीन माणूस टरकतो. खरंच लागत नसेल तर ऑनलाइन तसं कळवून टाकायचं, विषय मिटला. दारात लायसन्स तपासणारा माणूस आलाच तरी वॉरंटशिवाय त्याला घरात शिरायचा हक्क नसतो.

आता राहिलं क्रिकेट, कारण मॅच उद्या बघण्यात काय राम आहे? बीबीसीची रेडिओ कॉमेंट्री ऐकायला लायसन्स लागत नाही, टेस्टला ती छान वाटते, भाजी चिरता चिरता ऐकावी. फायनलला मात्र आम्ही सरळ लायसन्सवाल्या मित्राकडे डबे घेऊन जातो, लायसन्स पत्त्याला असतं, सोफ्यावर किती जण कोंबलेत ते कोणी मोजत नाही.