लँटर्न घड्याळाच्या वरच्या पत्र्यावरील बुजवलेली भोके : संग्रहाची नोंद

या हिवाळ्यात संग्रहात आलेले लँटर्न घड्याळ (वर घंटा असलेले, कंदिलाच्या आकाराचे, वजनावर चालणारे पितळी भिंतघड्याळ) आता साफ होऊन भिंतीवर चालू लागले आहे. इंग्लंडमध्ये राहत असल्याने लँटर्न घड्याळे लिलावात अधूनमधून पाहायला मिळतात, परंतु सतराव्या शतकातील यंत्र आत शाबूत असलेले घड्याळ हाती लागणे दुर्मीळच. व्हिक्टोरियन काळात अशा कित्येक घड्याळांचे मूळ यंत्र काढून टाकून तेथे स्प्रिंगवर चालणारे यंत्र बसवले गेले. तबकडीवर दोन काटे आणि किल्लीची भोके दिसली की हा प्रकार ओळखावा. सांगाडा कितीही देखणा असला, तरी मी असे घड्याळ घेत नाही.

माझ्या घड्याळाला एकच काटा आहे. तासांच्या कड्यावर दोन आकड्यांमधील जागेचे चार भाग केलेले असून मिनिटांच्या खुणा नाहीत, त्यामुळे वेळ पाव तासाच्या अंदाजानेच वाचायची. कडे अरुंद आहे, मधोमध ट्युलिपची फुले कोरली आहेत आणि समोरच्या जाळीवर डॉल्फिनची जोडी आहे. कारागिराचे नाव कोठेही नाही. पुढील दशकांत हे कडे रुंद होत गेले, म्हणून मी घड्याळाचा काळ १६५० च्या आसपासचा धरतो.

खरा पुरावा मात्र घंटेखाली सापडला. घंटा आणि तिचा पट्टा उतरवून वरच्या पत्र्यावर तिरपा उजेड टाकला आणि भिंगातून पाहिले, तेव्हा मध्याजवळ केसाएवढी बारीक गोल रेषा उमटली. तेथील भोक पितळेने बुजवून कानशीने सपाट केलेले आहे, आणि त्या पितळेचा रंग भोवतालच्या पत्र्यापेक्षा किंचित फिका आहे. शेजारी आणखी एक लहान भोक तसेच बुजवलेले आहे. म्हणजे मुळात येथे घड्याळाची गती राखणारे बॅलन्स चाक होते. त्याचा उभा दांडा या पत्र्यातून खाली उतरत असे आणि चाक घंटेखाली पुढे-मागे झुलत असे.

तशी घड्याळे दिवसाला पाव तास सहज चुकत. डच शास्त्रज्ञ ख्रिस्तियान हायगेन्स यांनी १६५६ मध्ये लंबकाचे घड्याळ रचले आणि १६५८ मध्ये लंडनमध्ये घड्याळजी फ्रोमँटील यांनी तशा घड्याळांची जाहिरात केली; त्यानंतर जुन्या घड्याळांचे मालक ती बदलून घेऊ लागले. आखूड लंबक बसवायचा तर सुटचाकाचा (एकेक दात सुटत यंत्राला टप्प्याटप्प्याने पुढे जाऊ देणाऱ्या चाकाचा) दांडा उभा करून एक काटकोनी दातांचे चाकही घालावे लागे. १६७० च्या सुमारास अँकर एस्केपमेंट, म्हणजे सुटचाकाचे दात एकेक करून सोडणारा नांगराच्या आकाराचा भाग असलेली रचना, आले. त्यात हा दांडा पूर्वीसारखा आडवाच राहतो, त्यामुळे बदल सोपा झाला. माझ्या घड्याळात हाच बदल झालेला असून त्याला सेकंदाला एक झोका घेणारा, सुमारे ९९४ मिलिमीटरचा लंबक आहे.

अँकर काढून पुन्हा बॅलन्स चाक बसवावे, असे काही संग्राहकांचे मत असते. मी ते करणार नाही. मूळ चाकाचा व्यास, त्याच्या धारकाचा आकार यांपैकी काहीच उरलेले नाही, त्यामुळे जे बसवू ते केवळ अनुमान ठरेल. उलट हाताने कानसलेला हा अँकर एका जुन्या कारागिराचे प्रत्यक्ष काम आहे आणि ते अजूनही निर्दोष चालते.

म्हणून दुरुस्ती मर्यादितच ठेवली. चाके व दांडे स्वच्छ केले, पितळेवरील जुनी झाक राखली आणि कुजलेली दोरी बदलली. हायगेन्स यांच्याच युक्तीप्रमाणे ही बिनटोकाची दोरी एकाच वजनावर चालण्याचे व टोल्यांचे अशी दोन्ही यंत्रे ओढते, आणि वजन वर घेतानाही घड्याळ थांबत नाही. टोल्यांचे मोजचाक (कोणत्या तासाला किती ठोके पडायचे ते ठरवणारे चाक) तपासले; बाराही तासांचे ठोके बिनचूक पडतात.

आता बाजूच्या दारांचे काम उरले आहे. डावे दार जुने दिसते, उजवे मात्र कारखान्यात लाटलेल्या एकसारख्या जाडीच्या पत्र्याचे आहे. त्याऐवजी जुने ओतीव पितळ मिळेपर्यंत मी तेच राहू देणार आहे.