दुकानात चालतो, घरी बंद पडतो

तासगावात कॉम्प्युटर रिपेअरिंग करून बारा वर्षं झाली, पण गेल्या ऑक्टोबरातली ही केस अजून डोक्यातून जात नाही म्हणून लिहितोय.

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचा एक पोरगा गेमिंग पीसी घेऊन आला, घर गावाबाहेर मळ्यात. रायझन ५ ५६०० प्रोसेसर, आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड, १६ जीबी रॅम, म्हणजे मशीन चांगलं होतं. तक्रारी दोन. गेम अडकत अडकत चालतो, आणि मधेच पीसी फाटकन बंद पडून परत चालू होतो, निळी स्क्रीन नाही की एरर नाही.

अडकण्याचं कारण अर्ध्या तासात सापडलं. रॅमच्या दोन्ही स्टिक शेजारी शेजारी लावलेल्या, म्हणजे एकाच चॅनेलवर, आणि बायोसमध्ये एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्या पूर्ण स्पीडवर चालवणारं सेटिंग, बंद, त्यामुळे ३२०० ची रॅम २१३३ वर चालत होती. प्रोसेसरकडून मोजत दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये स्टिक टाकल्या, एक्सएमपी चालू केलं, गेम एकदम मोकळा झाला, पोरगा खूश.

बंद पडण्याचं मात्र काही केल्या कळेना. रॅम तपासणारी मेमटेस्ट रात्रभर लावून ठेवली, कार्डचा जुना ड्रायव्हर डीडीयू नावाच्या टूलने साफ करून नवा टाकला, कार्डवर पूर्ण लोड टाकणारा फरमार्क तासभर चालवला, कार्ड ७२ डिग्रीच्या वर गेलं नाही. दोन दिवसांत एकदाही बंद पडला नाही म्हणून घरी पाठवला आणि तिसऱ्या दिवशी सकाळीच फोन, "दादा, काल रात्री परत गेला."

यावेळी पोराबरोबर त्याचे वडील पण आले. "साहेब, एकानं कार्ड गेलंय म्हणून सांगितलंय. टाकायचं तर टाका नवीन, पोराचा अभ्यास पण ह्याच्यावरच हाय." द्राक्षबागेची छाटणी नुकतीच झालेली, औषधं-मजुरीचा खर्च तोंडावर, आणि हा माणूस वीस-पंचवीस हजाराचं कार्ड घ्यायला तयार. खरं सांगतो, माझा पण संशय कार्डवरच होता. पण खात्री नसताना एवढे पैसे घालायला लावणं जिवावर आलं, म्हटलं काका दोन मिनिटं थांबा, आणि विंडोजच्या नोंदी दाखवणारा इव्हेंट व्ह्यूअर परत उघडला.

पीसी नीट बंद न होता गेला की पडणारी कर्नल-पॉवर ४१ ही नोंद तर आधीच बघितली होती, त्यात बगचेक म्हणजे एररचा कोड शून्य, म्हणजे विंडोजला काही लिहायला वेळच मिळाला नाही, करंटच तुटला. पण ४१ ची नोंद पीसी परत चालू झाल्यावर पडते, बंद कधी पडला ती वेळ ६००८ नंबरच्या नोंदीत असते, आणि ती मी पहिल्यांदा नीट वाचलीच नव्हती. आता एकेक वेळ कागदावर उतरवत गेलो. रात्री १०:०२, १०:०४, १०:०१, १०:०३. मग तीन-चार दिवस काहीच नाही, मग परत १०:०२.

"काका, रात्री दहाला घरात काय चालू होतं?"

"घरात काय नाही. थ्री फेज येती की दहाला. ह्या आठवड्यात रात्रीची हाय."

तिथंच उलगडा झाला. थ्री फेज म्हणजे शेतातल्या पाण्याच्या मोटारींची लाईट. मळ्यातल्या बहुतेक मोटारींना आपोआप चालू करणारा ऑटो स्विच असतो, लाईट आली की सगळ्या मोटारी एकदम उठतात, आणि सुरू होताना मोटर नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. ह्यांचं घरही त्याच डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर.

त्याच रात्री पावणेदहाला मळ्यात गेलो. मल्टिमीटरच्या पिना सॉकेटमध्ये, २२१ व्होल्ट. पोराला गेम सुरू करायला सांगितला. दहा वाजून दोन मिनिटांनी पंख्याचा आवाज उतरला, बल्ब पिवळा पडला, बाहेरून विहिरीवरच्या मोटारीचा घुमका आला आणि आकडा १५८. पीसी गेला. थोड्या वेळाने आकडा १७८ वर येऊन थांबला.

पीसी उघडून पॉवर सप्लाय बाहेर काढला, पट्टीवर ५०० वॅट, इनपुट २०० ते २४०. सप्लायमधल्या मोठ्या कॅपॅसिटरमध्ये साठलेली ताकद व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे बदलते, म्हणजे २२१ चे १५८ झाले की साठा निम्म्यावर येतो. नुसतं ब्राउझिंग चालू असेल तर तेवढ्यावर निभतं, पण गेममध्ये कार्ड एकटंच १७० वॅट ओढतं, तिथे सप्लाय हात टेकतो. माझ्या दुकानात २३० व्होल्ट येतात, मग तिथे बंद पडणार कसा.

दुसऱ्या दिवशी १०० ते २४० इनपुटचा, ॲक्टिव्ह पीएफसीवाला, म्हणजे बाहेरचं व्होल्टेज पडलं तरी आतल्या कॅपॅसिटरचं टिकवून धरणारा, ५५० वॅटचा सप्लाय घेऊन रात्री परत गेलो, कार्डला हात लावला नाही. यूपीएस पण लागेल, लाईट पूर्णच गेली तर हा सप्लाय काही करू शकत नाही, पण ते द्राक्षं गेल्यावर घेऊ असं काकांशी ठरलं.

दहाला आम्ही तिघंही स्क्रीनकडे बघत उभे. पंखा मंदावला, बल्ब पिवळा पडला, मीटरवर १६१. गेम चालूच. पोराने माझ्याकडे बघितलं, मी म्हटलं थांब, अजून दोन मिनिटं. दोनाची दहा झाली तरी चालूच. काकांनी कोपऱ्यातली बॅटरी उचलली, "बसा, चहा घेऊनच जायचं" म्हणाले आणि ड्रिपचा कॉक फिरवायला बागेत गेले.