पद्मिनी उचलत नाही: कार्बोरेटर खोलण्याआधी अर्थिंग मोजा

गाडी: प्रीमियर पद्मिनी, १०८९ सीसी, सोलेक्स कार्बोरेटर, प्लॅटिनम पॉइंटचं (उघडझाप करून स्पार्क पाडणाऱ्या संपर्कांचं) इग्निशन. पावसाळाभर नाशिकच्या गंगापूर रोडला पत्र्याच्या शेडखाली झाकून उभी होती. तक्रार अशी, की सकाळी सेल (स्टार्टर मोटर) फिरतो पण संथ, इंजिन एखादा ठोका देतं आणि गप्प होतं. दुपारी ऊन चढल्यावर मात्र कधीकधी उचलते.

दुपारची ही खूण महत्त्वाची आहे. डिसेंबर-जानेवारीत नाशिकचा पहाटेचा पारा दहाच्या खाली जातो. २०डब्ल्यू-५० ऑइल घट्ट होतं, इंजिन फिरवायला सेलला जास्त करंट लागतो, आणि गारठ्यात बॅटरीची ताकद नेमकी घटलेली असते. बहुतेक जण इथे चोक ओढत बसतात, नाहीतर थेट कार्बोरेटर खोलतात. सेल संथ फिरत असेल तोवर कार्बोरेटरला हात लावू नये, हे माझं ठाम मत आहे. आधी मल्टिमीटर.

गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. डिस्ट्रिब्युटर कॅपच्या मधली जाड वायर काढून इंजिनच्या ब्लॉकला अर्थ केली, म्हणजे त्याच्या धातूला जोडली. ती लोंबती ठेवून सेल मारायचा नाही, स्पार्कला वाट मिळाली नाही तर कॉइलच्या (स्पार्कसाठी उच्च दाब बनवणाऱ्या भागाच्या) आतलं इन्सुलेशन फुटू शकतं. मग मापं घेतली.

बॅटरी शांत असताना १२.६ व्होल्ट. सेल मारताना बॅटरीच्या शिशाच्या खुंट्यांवर १०.९. म्हणजे बॅटरी ठीक, ९.६च्या खाली गेली असती तर संशय तिच्यावर. पण त्याच वेळी कॉइलचा प्लस आणि ब्लॉक यांच्यात फक्त ८.२. मधले २.७ व्होल्ट वाटेत जिरत होते. सेल मारतानाच दोन्ही बाजू वेगळ्या मोजल्या: बॅटरीची निगेटिव्ह खुंटी ते ब्लॉक १.५, आणि पॉझिटिव्ह खुंटी ते कॉइलचा प्लस १.२. अर्थच्या (निगेटिव्हच्या, करंट परतण्याच्या) बाजूला ०.३च्या वर आणि कॉइलच्या बाजूला ०.५च्या वर काही दिसलं की तिथे काम आहे असं समजावं. मीटरच्या सळया खुंटीवर टेकवायच्या, क्लॅम्पवर नाही. नाहीतर क्लॅम्पखालचा गंज मापात येतच नाही.

याचा स्पार्कशी थेट संबंध आहे. कॉइलमध्ये साठणारी ऊर्जा करंटच्या वर्गावर चालते. करंट एक-तृतीयांशाने घटला की ऊर्जा निम्म्याहून खाली येते. चोकमुळे प्लग पेट्रोलने ओले, इंजिन गार आणि स्पार्क पिवळट. मग ठोका एखादाच मिळणार.

इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळे त्याला अर्थ मिळतो तो इंजिन आणि बॉडी यांच्यामधल्या तांब्याच्या विणलेल्या पट्टीतूनच. ही पट्टी हिरवी पडली की सेलचा करंट दुसरी वाट शोधतो: चोकची किंवा अॅक्सिलरेटरची केबल. सेल मारल्यावर चोकची केबल हाताला गरम लागली, तर पुढचं काही मोजायची गरज नाही, पट्टी बदला. या गाडीत नेमकं हेच होतं.

बॅटरीची निगेटिव्ह आधी काढली (जोडताना ती शेवटी). पट्टीच्या जागी २५ चौरस मिमी तांब्याची केबल घातली, दोन्ही टोकांना दाबून बसवलेले थिंबल (वायरच्या टोकाचे धातूचे कडीदार तुकडे). नाशिकमधल्या द्वारकेच्या बाजूचे ऑटो-इलेक्ट्रिशियन अशी केबल मापाची करून देतात. बोल्टखालचा रंग उघड्या पत्र्यापर्यंत खरवडला, दातेरी वॉशर घातला, आवळल्यानंतर वरून पेट्रोलियम जेली. जेली आधी नाही. कॉइलच्या बाजूला इग्निशन स्विचमागचे थिंबल काळे पडले होते, ते नवे केले. आता अर्थ ०.२, कॉइलची बाजू ०.३. सेलचा आवाजच बदलला.

मग पॉइंट. पॉइंटचा कॅमवर घासणारा पाय झिजला की गॅप कमी होत जातो. फीलर गेजने ०.२५ मिमी आला, तो ०.४५वर आणला. कॅमचा उंचवटा पायाखाली नेमका आला असतानाच मोजायचं. उभ्या गाडीत पॉइंटवर राखाडी थर चढतो. बारीक कानशीचा एकच हलका हात, मग थिनरमध्ये भिजवलेला कोरा कार्ड-पेपर मधून ओढायचा. पॉलिश पेपर वापरला तर त्याचे कण तिथेच रुततात. कॅमला तांदळाच्या दाण्याएवढं ग्रीस. प्लगचा गॅप ०.६ मिमी, वायर १-३-४-२ या क्रमाने. आता कॉइलच्या वायरपासून ब्लॉकपर्यंत सहा मिमी अंतरावर निळा, कडकडीत स्पार्क पडतो. ही चाचणी पेट्रोलचं काहीही उघडण्याआधीच करावी.

पेट्रोलकडे वळलो ते सगळ्यात शेवटी. फ्लोट चेंबर (कार्बोरेटरमधली पेट्रोलची छोटी टाकी) कोरडं होतं, उभ्या गाडीत पेट्रोल उडूनच जातं. कॉइलची बारीक वायर काढून, कार्बोरेटरकडचा पाइप बाटलीत सोडला आणि सेल मारला: एसी पंप (इंजिनवरचा, पेट्रोल ओढणारा यांत्रिक पंप) क्रँकच्या दर दोन फेऱ्यांना एक पिचकारी देतो, म्हणजे डायफ्राम शाबूत. रबरी नळ्या मात्र फुगून मऊ झाल्या होत्या. आता पेट्रोल पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं आणि जुनं रबर त्यात टिकत नाही. त्या इंधनासाठीच्या ३०आर९ दर्जाच्या नळ्यांनी बदलल्या. जेट क्लीनरने धुतले, तार घातली नाही. भोक जरा मोठं झालं की मिश्रण कायमचं बिघडतं.

सिरिंजने ३० मिली पेट्रोल चेंबरमध्ये सोडून, पूर्ण चोकवर, पहाटे गारठ्यातच सेल मारला. लगेच उचलली. अर्ध्या चोकवर दोन मिनिटं, मग चोक आत.

बाकी आहे तो एसी पंपाचा डायफ्राम. इथेनॉल त्यालाही सोडणार नाही, त्यामुळे रिपेअर किट आणून ठेवायचं आहे. आणि उन्हाळ्यात गरम इंजिनची परीक्षा: त्र्यंबकपर्यंत जाऊन, पंधरा मिनिटं बंद ठेवून, पुन्हा सेल मारताना कॉइलच्या प्लसवर किती व्होल्ट राहतात ते.