सांता रोझाला नाटक पाहिलं
कॅलिफोर्नियातल्या सोनोमा भागात जायचं म्हटलं की सगळ्यांना द्राक्षमळे आणि वायनरीच (वाइन बनवायच्या जागा) आठवतात. आम्ही आज तिथल्याच सांता रोझा शहरातल्या सिक्स्थ स्ट्रीट प्लेहाउसमध्ये दुपारच्या प्रयोगाला गेलो. ही इमारत म्हणजे फळं डबाबंद करायचा जुना कारखाना. गावातल्या दोन नाट्यसंस्था एकत्र आल्या आणि २००५ साली इथे थिएटर सुरू झालं. सभागृह इतकं लहान, की नटाच्या कपाळावरचा घाम दिसतो, संवादाआधी घेतलेला श्वाससुद्धा ऐकू येतो. असं नाटक बघायला मला फार आवडतं! २०१७ च्या वणव्यात या शहरातली हजारो घरं जळाली, तरी इथली माणसं नाटक करत राहिली, याचं खूप कौतुक वाटतं. सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या बे एरियातल्या मंडळींनो, पुढच्या खेपेला एखादी वायनरी कमी करा, पण तिकीट काढाच.