सहाव्या मीटरवरचा चेंडू

१९ डिसेंबर २०२०, शनिवार. परभणीची डिसेंबरातली थंडी मराठवाड्यात सगळ्यांना माहीत आहे. सकाळी सातला मैदानावरच्या हरळीवर दव असतं, सीझन बॉल (चामड्याचा चेंडू) दोन षटकांत ओला होऊन जड होतो. म्हणून आधी पळणं, मग कॅचिंग आणि नऊनंतर नेट, असा आमचा शिरस्ता. साडेनऊला ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या अ‍ॅडलेड कसोटीचा तिसरा दिवस सुरू झाला. आदल्या रात्री भारत १ बाद ९ होता आणि पहिल्या डावातल्या आघाडीचे ५३ धरून ६२ची आघाडी हातात होती. पॅड बांधून बसलेल्या एका मुलाच्या हातात मोबाईल होता. थोड्या वेळात नेटमधली मुलंही त्याच्याभोवती जमली. सव्वा तासाच्या आसपास सगळं आटोपलं. ९ बाद ३६, शमी जखमी होऊन परतला आणि डाव तिथेच संपला. एकाही फलंदाजाला दोन आकडे नाहीत, सगळ्यांत जास्त धावा मयंक अगरवालच्या ९. १९७४मध्ये लॉर्ड्सवर ४२ झाल्या होत्या, त्याहूनही कमी.

मुलांची कारणं तयार होती. घाबरले, आयपीएलनं वाट लावली, देशासाठी खेळतच नाहीत. मला हे पटत नाही आणि मुलांनी असं बोलायची सवय लावून घ्यावी हेही पटत नाही. बाद झालेले लोक जगातल्या उत्तम फलंदाजांपैकी होते. हाच संघ २०१३पासून घरच्या मैदानावर एकही कसोटी मालिका हरला नव्हता. मग बारावी-तेरावीतल्या एका डावखुऱ्या मुलानं खरा प्रश्न विचारला. पुजाराचा रिप्ले त्यानं पुन्हा लावला आणि म्हणाला, "सर, ह्यो बॉल त्यानं सोडला कामून नाही?"

त्या प्रश्नावर दुपारचं सगळं सत्र गेलं.

आमच्याकडे दोन विकेट शेजारी-शेजारी आहेत. एक काळ्या मातीची. तिच्या तळाला खडी, वर मुरूम, मग वाळूचा थर आणि सगळ्यांत वर काळी माती. दुसरी सिमेंटची, पावसाळ्यात तिच्यावर मॅट टाकून खेळतो. दोन्हींवर स्टंपपासून दोन, चार, सहा आणि आठ मीटरवर फक्कीच्या रेघा मारल्या. स्टंपच्या दोन्ही बाजूंना बांबू रोवून बेल्सच्या उंचीला, म्हणजे २८ इंचांवर, सुतळी ताणली. मागे जाळी. फलंदाज नाही. एकाच माणसानं साइडआर्मनं (चेंडू फेकायच्या लांब दांड्यानं) एकाच वेगात सहा मीटरच्या रेघेवर चेंडू टाकायचे आणि बाकीच्यांनी बाजूला उभं राहून एवढंच बघायचं, की चेंडू सुतळीच्या वरून जातो की खालून.

काळ्या मातीवर सहाच्या रेघेवरचा चेंडू मधल्या स्टंपच्या निम्म्या उंचीला येत राहिला. गुडघ्याच्या थोडा खाली, कधी त्याहूनही खाली. सुतळीच्या वर एकही गेला नाही. सिमेंटवर मॅट न टाकता तोच टप्पा, तोच वेग, आणि चेंडू सुतळीवरून सरळ जाळीत. तिथे सुतळीखाली चेंडू आणायला टप्पा चार मीटरच्या रेघेकडे सरकवावा लागला. सिमेंट काही अ‍ॅडलेड नव्हे, खरी गवताची विकेट या दोन्हींच्या मधे कुठेतरी बसते. पण फरक कुठल्या दिशेचा आहे ते डोळ्यांना दिसतं.

मग शिडीवर चढून १६ फुटांवरून चेंडू नुसता खाली सोडला. विकेटचा जोर मोजायची ही इंग्लंडातली जुनी रीत. काळ्या मातीवर चेंडू पोटरीपर्यंत उठला, सिमेंटवर मुलांच्या छातीपर्यंत. मुलांनी लगेच निकाल दिला की आपली माती खराब. तसं नाही. ऑस्ट्रेलियातल्या नावाजलेल्या विकेटीही चिकण मातीच्याच, पाण्यानं फुगणाऱ्या आणि उन्हानं तडकणाऱ्या. पर्थच्या वाका मैदानावरच्या भेगा जगाला माहीत आहेत. फरक मशागतीत आहे. पाणी खोलवर मुरवायचं, मातीत योग्य ओल असतानाच जड रोलर दिवसेंदिवस फिरवायचा आणि गवताच्या मुळ्यांना ती ओल हळूहळू शोषू द्यायची. अशानं माती चार-पाच इंच खोलपर्यंत दगडासारखी बसते. आमच्याकडे पाणी मोजून मिळतं, रोलर हलका आणि रोलिंग सामन्याच्या आधीच्या दोन-तीन दिवसांत. वरचा पापुद्रा कडक होतो, खाली माती पोकळ राहते. चेंडूचा जोर ती पोकळी गिळते.

आता फलंदाजाच्या बाजूनं बघा. आपल्याकडे सहाव्या मीटरवरचा चेंडू स्टंपवर येतो, म्हणजे तो खेळलाच पाहिजे. सोडला की बोल्ड किंवा पायचीत. दहाव्या वर्षापासून मुलगा हा धडा हजारो चेंडूंत शिकतो. पुढचा पाय टाकायचा, बॅट खाली आणायची. १४० किलोमीटर वेगाचा चेंडू हातातून सुटल्यापासून बॅटपाशी यायला अर्धा सेकंदही लागत नाही. त्यात टप्पा ओळखून आधी सवयीनं निघालेले हात मागे घ्यायला सवड नसते. तोच चेंडू अ‍ॅडलेडला स्टंपच्या वरून जाणार असतो आणि सोडून देण्याच्या लायकीचा असतो. पण विमानात बसलं म्हणून हात बदलत नाहीत. मोठ्या फलंदाजाला हे माहीत असतं, तो ठरवूनही जातो. तरी डावाच्या पहिल्या वीस मिनिटांत शरीर जुनाच निर्णय घेतं. दिशा पाहून चेंडू सोडणं आपल्याला येतं, टप्पा पाहून सोडणं तिथे शिकावं लागतं.

दुसरी गोष्ट कडेची. आपल्या विकेटवर बॅटची कड लागली तर चेंडू बहुतेक वेळा स्लिपच्या आधीच खाली पडतो. म्हणजे चुकीच्या फटक्याची शिक्षाच होत नाही. मुलगा शंभर करून येतो आणि त्यातल्या पाच-सहा कडा कुणाच्या लक्षातही राहत नाहीत. अ‍ॅडलेडला त्या डावात एकट्या यष्टिरक्षक टिम पेननं पाच झेल घेतले आणि कोहलीचा वेगवान गोलंदाज कमिन्सच्या चेंडूवर स्लिपशेजारच्या गलीत ग्रीननं. उसळी आहे तिथे कड हातात पोचते. त्यातही हात घट्ट असले तर लांब उडते, खालचा हात सैल असला तर पुढेच मरते. मी मुलांना खालचा हात नुसता अंगठा आणि दोन बोटांवर धरायला लावून बचाव करून घेतला. कडा तितक्याच लागल्या, पण स्लिपमध्ये ठेवलेल्या खुर्चीपर्यंत फारच थोड्या गेल्या.

तरीही ३६चा सगळा हिशेब एवढ्यानं लागत नाही, आणि हे मुलांना सांगणं मला फार गरजेचं वाटलं. हेझलवूड आणि कमिन्सचा चेंडू हातभर वळत नव्हता. तो टप्पा पडल्यावर अर्ध्या बॅटीएवढा किंवा त्याहून कमी सरकत होता. जास्त सरकला असता तर बॅटला चुकवून गेला असता आणि फलंदाज वाचला असता. एरवी असे दहा चेंडू पडले तर सात-आठ हुकतात. त्या सकाळी जवळपास प्रत्येकाला कड लागली आणि प्रत्येक कड हातात बसली. हेझलवूडचे ८ धावांत ५, कमिन्सचे २१ धावांत ४. टप्पा अचूक होता हे खरंच, पण त्या दिवशी दैवही त्यांच्याकडे होतं. पुजाराचं तंत्र चुकलं असं म्हणणाऱ्यानं महिन्याभरानं ब्रिस्बेनला त्याच माणसानं अंगावर चेंडू झेलत २११ चेंडूंत काढलेल्या ५६ धावा पाहाव्यात. ती मालिका आपण २-१ अशी जिंकली.

चेंडूचाही फरक असतो. भारतात एसजी, इंग्लंडात ड्यूक्स, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिकेत कुकाबुरा. पुण्याला खेळणाऱ्या एका जुन्या विद्यार्थ्यानं दिलेला लाल कुकाबुरा आमच्याकडे आहे. मुलांनी डोळे मिटून एसजीवरून आणि त्याच्यावरून अंगठा फिरवला. एसजीची शिवण पूर्ण हातानं घातलेली, जाड आणि उभी, नखाला अडते. कुकाबुराच्या बाहेरच्या शिवणी यंत्राच्या, वीस-पंचवीस षटकांत त्या दबून जातात. म्हणून ऑस्ट्रेलियात पहिला तास काढणाऱ्या संघाला पुढे धावा मिळतात. ड्यूक्स दिवसभर शिवण धरून ठेवतो, तिथे साठाव्या षटकातही सुटका नसते. फिरकी गोलंदाजाचं गणितही इथेच बिघडतं. घरी तो शिवण आडवी पाडून विकेटकडून वळण घेतो. बाहेर विकेट काही देत नाही, तेव्हा चेंडूवर पुढच्या दिशेची फिरकी देऊन उसळी आणि हवेतला गोता मिळवावा लागतो. अश्विननं त्याच अ‍ॅडलेड कसोटीत पहिल्या डावात ५५ धावांत ४ बळी घेतले ते असेच. वेगवान गोलंदाजाची फसगत उलटी. चेंडू कानाजवळून जातोय याचा आनंद होऊन तो आखूड टाकत बसतो आणि स्टंपवर काहीच येत नाही.

हा रोग आपल्या एकट्याचा नाही. ऑस्ट्रेलिया २०१३मध्ये भारतात ४-०ने हरली. २०१७ला पुण्यात उलटं झालं. इतकी फिरणारी विकेट मिळाली की आपणच १०५ आणि १०७वर बाद झालो आणि स्टीव्ह ओकीफनं दोन्ही डावांत ३५ धावांत ६-६ बळी घेतले. त्यातले बरेच चेंडू वळलेच नव्हते, फलंदाज वळणासाठी खेळले होते. २०२४च्या शेवटी न्यूझीलंडनं आपल्याला घरी ३-०ने हरवलं आणि घरच्या सलग १८ मालिकाविजयांचा सिलसिला थांबला, तेव्हा त्या दुपारी सोबत असलेल्या दोन-तीन मुलांनी मला पुण्याचीच आठवण करून दिली.

यावर इलाज एकच, त्या विकेटवर जास्त चेंडू खेळणं. १९७१मध्ये वाडेकरांचा संघ इंग्लंडात पहिल्या कसोटीआधी कौंटी संघांविरुद्ध सामन्यांमागून सामने खेळला आणि ओव्हलला जिंकून मालिका घेऊन आला. २०१८च्या सुरुवातीच्या दक्षिण आफ्रिका दौऱ्यात पार्लचा सराव सामना रद्द केला, केपटाऊनची पहिली कसोटी ७२ धावांनी हरलो. त्याच वर्षी इंग्लंडात चेम्सफर्डचा चार दिवसांचा सामना तीन दिवसांवर आणला, बर्मिंगहॅमला ३१ धावांनी हरलो. एवढ्या कमी फरकानं गेलेले सामने चार दिवसांच्या सरावानं फिरू शकतात, असं माझं ठाम मत आहे.

त्या शनिवारनंतर आमच्या नेटमध्ये काही गोष्टी कायमच्या आल्या. पहिली, सोडायचं नेट. त्यात फटका नाहीच, चेंडू टप्प्यावर पडायच्या आत फलंदाजानं "खेळ" किंवा "सोड" असं मोठ्यानं ओरडायचं आणि मागे सुतळीवर खरंखोटं ठरायचं. दुसरी, ग्रॅनाइटची फरशी. तीन बाय दोन फुटांची फरशी सहा ते आठ मीटरच्या मधे टाकायची, फलंदाजाकडची कड बोटभर उंच. गोलंदाजाकडची कड जमिनीच्या जरा खालीच दाबायची आणि चारही बाजूंनी ओला मुरूम ठोकून बसवायचा, कारण उघड्या कडेवर पडलेला चेंडू थेट तोंडावर येतो. हेल्मेटशिवाय कुणी उभं राहायचं नाही. सीझन बॉल फरशीवर लवकर फाटतो, म्हणून सिंथेटिक चेंडू वापरायचा. तिसरी, टेनिस बॉलच्या अर्ध्या भागाला इन्सुलेशन टेप गुंडाळून स्विंगचा सराव. परभणीच्या कोरड्या हवेत लेदर बॉल फारसा हलत नाही, टेपचा चेंडू मात्र भरपूर हलतो.

फेब्रुवारी २०२४मध्ये बीडच्या सचिन धसनं १९ वर्षांखालील विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात बेनोनीला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध ९६ धावा केल्या. २४५चा पाठलाग, ४ बाद ३२ आणि तिथून उदय सहारनबरोबर १७१ची भागीदारी. आमच्याच मातीतला मुलगा उसळत्या चेंडूला मागच्या पायावर उभा राहून खेळत होता. पाच दिवसांनी त्याच मैदानावर, तोपर्यंत एकही सामना न हरलेला तो संघ अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियापुढे १७४वर संपला.

फरशीनं उसळी मिळते, टेपनं स्विंग मिळतो. पण टप्प्यानंतर चेंडू जो अर्ध्या बॅटीएवढा सरकतो, तो परभणीत कुठल्याही युक्तीनं आणता येत नाही. त्यासाठी तशा विकेटवर जावंच लागतं. आमच्या जिल्ह्याच्या पोरांना परदेश लांबच, मुंबई-पुण्याकडची लाल माती हाच परका मुलूख. आंतरजिल्हा सामन्याला ती रात्रभर रेल्वेनं जाऊन सकाळी थेट टॉसला उभी राहतात. त्यांना तीन दिवस आधी पाठवावं, राहायची सोय करावी आणि यजमान संघाच्या नेटवर नव्या चेंडूनं रोज दोन तास द्यावेत, एवढी मागणी मी दरवर्षी लेखी देतो. यंदाचीही दिली आहे.