पाण्याची पाळी

लास वेगास म्हणलं की सगळ्यांना नेवाडातलं कॅसिनोवालं आठवतं, पण मी राहते ते न्यू मेक्सिकोतलं लास वेगास, जेमतेम 13 हजार वस्तीचं, सांता फेच्या पूर्वेला तासाभराच्या अंतरावर, एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला नजर पोचेल तिथवर गवताळ माळ. मी इथे डायलिसिस नर्स आहे. ही गोष्ट 2022 च्या जुलै संपतानाची, तो दिवस अजून डोक्यातून जात नाही म्हणून लिहितेय.

आधी आगीचं सांगावं लागेल. एप्रिलमध्ये वरच्या जंगलात वनखात्यानेच ठरवून लावलेली आग वाऱ्याने हाताबाहेर गेली, आणि हिवाळ्यात जाळलेल्या लाकडाच्या ढिगाऱ्यांत धुमसत राहिलेली दुसरी आग तिला येऊन मिळाली. 3 लाख 41 हजार एकर जळालं. न्यू मेक्सिकोत नोंदलेली ही सगळ्यात मोठी आग. मेच्या सुरुवातीला ती गावाच्या वेशीपर्यंत आली होती, ड्युटीवरून सुटल्यावर गाडीच्या काचेवरची राख पुसून मगच घरी निघायचं. गाव वाचलं, पण गावाचं पाणी गायिनास नदीचं आणि ती नदी त्याच जळालेल्या डोंगरातून येते. जुलैमध्ये पाऊस सुरू झाला (इथेही त्याला मान्सूनच म्हणतात) आणि डोंगरावर पाणी धरायला झाड नाही की गवत नाही, त्यामुळे राख, चिखल, जळके ओंडके सगळं नदीत उतरलं. नदी काळी झाली. ते पाणी शुद्ध करणं गावाच्या प्लांटच्या आवाक्याबाहेरचं होतं, म्हणून नदीतून पाणी घेणं बंद केलं आणि महिनाअखेरीला मेयरने आणीबाणी जाहीर केली की साठ्यात 50 दिवसांपेक्षा कमी पाणी उरलंय. माणशी दिवसाला 44 गॅलन, म्हणजे साधारण 166 लिटर, एवढंच वापरा म्हणाले.

मी लातूरची. 2016 ला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं तेव्हा मी तिथल्या डायलिसिस युनिटमध्येच होते, टँकर आला का हे बघितल्याशिवाय पेशंटला मशीनवर घ्यायचं नाही अशी सवय लागलेली. त्यामुळे 50 दिवस हा आकडा ऐकल्यावर माझ्या पोटात जो गोळा आला तो इथल्या सहकाऱ्यांना सांगून कळला नसता.

त्या दिवशी पहाटे साडेचारला युनिट उघडलं, रोजच्यासारखी पहिल्या कार्बन टँकनंतरच्या (क्लोरिन शोषून घेणारी कोळशाची टाकी) पाण्याची क्लोरिन टेस्ट केली. ही टेस्ट मी कितीही घाई असली तरी सोडत नाही, कारण नळाच्या पाण्यातलं क्लोरिन किंवा क्लोरामिन मशीनपर्यंत पोचलं तर पेशंटच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. लिमिट लिटरला 0.1 मिलिग्रॅम. टेस्ट नीट आली, मी लॉगवर सही केली आणि पहिल्या शिफ्टचे पेशंट आत घेतले.

तिसऱ्या खुर्चीवर आमचे आजोबा. वय 78, मला 'मिहा' म्हणायचे, म्हणजे स्पॅनिशमध्ये पोरी. ते असेकियाचे मायोर्दोमो होते. असेकिया म्हणजे नदीतून काढलेला गावकीचा पाट, शब्द मुळातला अरबी, स्पेनहून इथे आलेला, आणि मायोर्दोमो म्हणजे सरळ आपला पाटकरी. कुणाची पाळी कधी, कुणाचं दार किती वेळ उघडं ठेवायचं हे तो ठरवतो, वसंतात सगळ्यांना फावडी घेऊन पाट साफ करायला तोच बोलावतो. आजोबांचा पाट त्या महिन्यात गाळाने भरून जमिनीच्या लेव्हलला आला होता. पाट कुठे होता ते झाडांच्या ओळीवरून ओळखायचं, असं ते म्हणाले होते.

मी फिस्टुलात, म्हणजे डायलिसिससाठी ऑपरेशन करून धमनीला जोडलेल्या हाताच्या शिरेत, सुया घातल्या, मशीन सुरू केलं, बीपी घेतलं. ते स्क्रीनकडे बघत होते. म्हणाले, "हे 500 काय आहे?" मी म्हणलं, मिनिटाला 500 मिली पाणी तुमच्या फिल्टरमधून जातं. ते गप्प झाले. थोड्या वेळाने म्हणाले, "चार तासांचे 120 लिटर." मनातल्या मनात हिशोब केला होता, पाणी मोजण्यात आयुष्य गेलेला माणूस. मग म्हणाले, "मला अडीच तासाला काढ. बाकीचं पोरांना राहू दे."

मला वाटलं थकून बोलतायत. पण नाही, मनापासून बोलत होते. ज्या माणसाला स्वतःला दिवसाला लिटरभरच पाणी प्यायची परवानगी, उन्हाळ्यात बर्फाचा तुकडा चोखून जो तहान मारतो, त्याला आपण गावाचं पाणी जास्त खातोय असं वाटत होतं. त्यांचं पोटॅशियम आधीच वाढलेलं, आगीच्या दिवसांत घर सोडावं लागलं तेव्हा दोन सेशन चुकले होते आणि नंतर गाडी रुळावर आलीच नव्हती. अडीच तासाला काढलं असतं तर वीकेंडला हार्टचं काहीही होऊ शकलं असतं. हे सगळं मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "फॉर्म आण, मी सही करतो." स्वतःच्या जबाबदारीवर लवकर उठायचा फॉर्म असतो, तो मागायचा पेशंटला हक्क आहे, मी नाही म्हणू शकत नाही.

मी फॉर्म आणला नाही. स्टूल ओढून शेजारी बसले आणि विचारलं, "तुमच्या पाटावर दुष्काळ पडला की आधी पाणी कुणाला?"

"आधी माणसं आणि जनावरं. मग परसबाग. मग शेत."

एवढंच. मी पुढे काही बोलले नाही आणि तेही बोलले नाहीत. बराच वेळ छताकडे बघत होते, डोळ्यांच्या कडा ओल्या झालेल्या, मी टिश्यू त्यांच्या मोकळ्या हाताजवळ ठेवून दुसऱ्या खुर्चीचा अलार्म बंद करायला गेले.

परत आले तर विचारतात, "वाया किती जातं?"

आता खोटं कसं बोलणार. आमचा आरओ जेवढं शुद्ध पाणी देतो, जवळजवळ तेवढंच क्षारवालं पाणी ड्रेनमध्ये सोडतो. ते पेशंटच्या रक्ताजवळही आलेलं नसतं, नळाचंच पाणी, फक्त क्षार जास्त. रोज शेकडो लिटर गटारात जात होतं आणि इतकी वर्षं हेच काम करून, लातूरहून येऊन, मला ते कधी दिसलं नव्हतं. मॅनेजरला विचारलं तर आधी पॉलिसी, मग इन्शुरन्स, मग बघू. मी म्हणलं, पिण्यासाठी नकोय, फरशी पुसायला आणि संडासला टाकायला हवंय, गावात माणसं अंघोळीचं पाणी बादलीत साठवतायत. आमचा टेक्निशियन चांगला माणूस, तो शांतपणे एवढंच म्हणाला की ड्रेनच्या तोंडाशी पाइप लावला तर आरओला काही होत नाही. मॅनेजर थोडा वेळ थांबला आणि म्हणाला, ड्रमवर मोठ्या अक्षरात लेबल लावा.

आजोबा पूर्ण चार तास बसले. सुया काढल्यावर दहा मिनिटं दाबून धरलं, उभं करून बीपी घेतलं, ठीक होतं. बाहेर व्हॅनवाला वाट बघत होता. पण त्यांना मागे जायचं होतं. मी दंडाला धरून नेलं. निळ्या ड्रममध्ये पाइपातून पाणी पडत होतं. त्यांनी वाकून धारेखाली दोन बोटं धरली, पाटाच्या दाराशी धरत असतील तशीच, आणि विचारलं, भरायला किती मिनिटं लागतात. मी म्हणलं, बघितलं नाही.

त्यांनी मनगटावरचं घड्याळ सरळ केलं आणि व्हॅनवाल्याला थांबायला सांग म्हणाले.