आमची वाटचाल : सुधारणा कोणाची, खाडा कोणाचा

वेंगुर्ले तालुक्यात वडिलांनी घराच्या पडवीत काजू फोडायला सुरुवात केली. आज शेड आहे, बॉयलर आहे, ड्रायर आहे. कटरवर बसणाऱ्या आणि गर सोलणाऱ्या बायका मात्र अजून आमच्याच वाडीतल्या.

आमचं दुखणं होतं तुटीचं, म्हणजे फोडताना गर तुटण्याचं. गराची प्रत नंबराने ठरते; ३२० नंबर म्हणजे पौंडाला ३०० ते ३२० अख्खे गर. गर दुभंगला की पाकळीत गेला आणि भाव पडला. म्हणून बाहेरून सल्लागार आणला, भिंतीवर तक्ते लावले, सगळ्यांची बैठक घेतली. सगळ्यांनी माना डोलावल्या. आठवड्याभरात तक्ते कोरे! मला राग आला, ह्यांना आपल्या कामाची काही पडलेली नाही असंच वाटलं.

खरं कारण वजन करताना उमगलं. मजुरी निघालेल्या गराच्या किलोवर. नवीन पद्धत करून बघायला तासभर गेला, तर त्या दिवशी हातात तेवढे कमी पैसे. सुधारणा माझी आणि खाडा त्यांचा. ही चूक माझी होती, त्यांची नव्हे.

मग ठरवलं, प्रयोगाच्या दिवशी मागच्या पंधरवड्याच्या सरासरीने रोज द्यायचा. बैठकही ऑफिसात नाही, कटरपाशीच, चहाच्या वेळी. तिसऱ्या दिवशी वडिलांच्या वेळेपासूनच्या काकी बोलल्या, "बाबू, बी रातभर निवाक होयी. गरम गरम फोडल्यार गर तुटतलोच." ऑर्डरच्या घाईत आम्ही सकाळी वाफवलेली बी दुपारीच कटरवर घेत होतो. आता संध्याकाळी वाफवतो, रात्रभर जमिनीवर पसरून ठेवतो. तूट डोळ्यांना दिसेल इतकी कमी झाली.

हातमोज्यांचंही तसंच. टरफलाच्या तेलाने बोटं काळी पडतात, कातडी सोलते. तरी मी आणलेले जाड मोजे कोपऱ्यात पडून होते, कारण त्यांतून बी नीट धरताच येत नव्हती. तीन प्रकारचे मोजे त्यांच्या हातात दिले, त्यांनी निवडले तेच मागवले. गावठी बी लहान, वेंगुर्ला-७ ह्या कलमी जातीची मोठी, दोन्हीला एकच पातं लावू नका, हेही त्यांनीच सांगितलं. वाचलेल्या तुटीतला वाटा चतुर्थीआधी सगळ्यांना देतो, हिशेब मोठ्याने वाचून.

शेडमध्ये एक वही टांगली आहे. ज्यांना लिहिता येत नाही त्या सांगतात, माझी मुलगी लिहिते. परवाची नोंद : पावसात प्रतवारीच्या टेबलावर उजेड पुरत नाही. मिरगाआधी तिथे छपरात दोन पारदर्शक पत्रे बसवतोय.